रेसिड्यूच्या धक्क्यानंतर ग्राहकांचा विश्वास परत कसा मिळवावा? द्राक्ष निर्यातीचा धडा

शेतकरी उत्पादक कंपन्या आता बेदाणा, हळद, गूळ, डाळी, ताजी फळे स्वतःच्या नावाने विकू लागल्या आहेत. स्वतःचा ब्रँड असला की दर चांगला मिळतो, पण जोखीमही सामायिक होते. एका सभासदाच्या मालात मर्यादेपेक्षा जास्त कीडनाशक अंश सापडला, तर ग्राहक त्या सभासदाचे नाव विचारत नाही. तो पाकिटावरचे नाव लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी दुसरे पाकीट उचलतो.

असा प्रसंग आल्यावर पत कशी सावरावी, याचे जवळचे उदाहरण म्हणजे महाराष्ट्रातील द्राक्ष निर्यात. युरोपातील ग्राहकासाठी ‘भारतीय द्राक्ष’ हाच एक ब्रँड आहे. या ब्रँडला २००३ आणि २०१० असे दोन मोठे धक्के बसले.

२००३ : दोष कोणत्या बागेतला, हेच सांगता येईना

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ऍसिफेट या कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले. युरोपीय देशांना इशारा गेला आणि सगळ्याच भारतीय द्राक्षांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

खरी अडचण पुढे होती. पेटीतला घड कोणत्या गावच्या, कोणत्या बागेतला, त्यावर कोणती फवारणी कधी झाली, हे खात्रीने दाखवणारी एकसंध व्यवस्था नव्हती. दोषी माल वेगळा काढता येत नसेल, तर चांगला मालही त्याच्यासोबत बदनाम होतो.

त्यानंतर अंश तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला आणि २००६ मध्ये अपेडाने ‘ग्रेपनेट’ ही ऑनलाइन नोंदणी व माग काढण्याची प्रणाली आणली. तिचे टप्पे निर्यातक्षम बागायतदारांना परिचित आहेत :

- प्रत्येक निर्यातक्षम बागेची कृषी विभागाकडे नोंदणी व स्वतंत्र क्रमांक.
- फवारण्यांची नोंदवही आणि बागेची तपासणी.
- प्रयोगशाळेचा प्रतिनिधी स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. शेतकऱ्याने निवडून आणलेले घड चालत नाहीत.
- मांजरी (पुणे) येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेची प्रयोगशाळांच्या कामावर देखरेख.
- नमुना नापास झाल्यास त्या बागेबाबत अंतर्गत इशारा निघतो आणि तो मागे घेईपर्यंत तिथला माल युरोपला जात नाही.

यातला शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. दोष बंदरात किंवा परदेशी दुकानात सापडण्याऐवजी बागेतच सापडतो.

२०१० : यंत्रणा होती, यादी अपुरी होती

२०१० च्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात, त्याचे अंश सापडले. हे कीटकनाशक नसून वाढनियंत्रक आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटींची वाढ रोखण्यासाठी आणि काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी म्हणून त्याचा वापर होत असे.

युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलीग्रॅम होती. म्हणजे २० टन द्राक्षांत मिळून फक्त एक ग्रॅम. एप्रिलमध्ये वापरलेले रसायन वेलीत टिकून पुढे फळात उतरू शकते, याची अनेकांना कल्पना नव्हती. शिवाय तेव्हाच्या तपासणीच्या यादीत सीसीसीचा समावेश नव्हता. त्यामुळे बागायतदाराच्या हातात ‘पास’ अहवाल आणि कंटेनर मात्र तिकडे अडकलेला, अशी स्थिती झाली. अनेक बागायतदार व निर्यातदारांना मोठा आर्थिक फटका बसला. देशाची ताज्या द्राक्षांची निर्यात २००९-१० मध्ये सुमारे १ लाख ३१ हजार टन होती, ती २०१०-११ मध्ये एक लाख टनांच्या आसपास घसरली. त्यात अवकाळी पावसाचाही वाटा होता.

मग सीसीसी तपासणीच्या यादीत आले आणि निर्यातीच्या बागेत ते वापरू नये, हा संदेश गावोगाव पोहोचवण्यात आला. बागांची नोंदणी, नमुने आणि प्रयोगशाळांची साखळी आधीच उभी असल्याने सुधारणा पुढच्या हंगामापासून लागू करता आली. २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन द्राक्षे निर्यात झाली. ज्या नेदरलँड्समध्ये २००३ ला दोष सापडला, तो देश आज आपल्या द्राक्षांच्या प्रमुख ग्राहकांपैकी एक आहे.

‘चूक आमची नाही’ एवढे म्हणून भागत नाही

ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईतील काही दुकानांत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या आढळल्या आणि राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. दुकानातील साठवण योग्य नव्हती, असे कंपनीचे म्हणणे होते. पण ती तिथे थांबली नाही. ‘विश्वास’ नावाच्या मोहिमेतून दुकानदारांना साठवणुकीचे प्रशिक्षण दिले आणि २००४ च्या सुरुवातीला जास्त बंदिस्त वेष्टन बाजारात आणले. अमिताभ बच्चन यांच्या जाहिराती त्यानंतर आल्या. आधी दुरुस्ती, मग जाहिरात, हा क्रम लक्षात ठेवावा.

आपल्या गटावर वेळ आली तर : पहिले दोन-तीन दिवस

१. त्या लॉटची विक्री व वाहतूक लगेच थांबवावी. दुसरा अहवाल येईपर्यंत वाट पाहू नये.

२. लॉट क्रमांकावरून त्यात कोणकोणत्या सभासदांचा माल होता आणि तो कुठे कुठे गेला, याची यादी करावी.

३. राखून ठेवलेला नमुना एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा. प्रत्येक लॉटचा सीलबंद नमुना ठेवण्याची पद्धत नसेल, तर ती आजच सुरू करावी.

४. खरेदीदाराला बातमी बाहेरून कळण्याआधी आपण कळवावे. काय सापडले, कोणता लॉट, किती माल आणि पुढे काय करणार, एवढेच सांगावे. माहीत नसलेल्या गोष्टींवर अंदाज बांधू नये.

५. माल परत घ्यावा लागल्यास अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना ताबडतोब कळवावे. एफएसएसएआयचे माल परत घेण्याचे नियम २०१७ पासून आहेत. परत आलेला माल वेगळा ठेवावा, तो दुसऱ्या नावाने किंवा दुसऱ्या बाजारात विकू नये.

६. कंपनीच्या वतीने एकाच जबाबदार व्यक्तीने बोलावे.

पुढचा हंगाम : खरी परीक्षा

पत परत येते ती सलग काही हंगाम स्वच्छ माल दिल्यावर. त्यासाठी :

- ज्या बाजारात विकायचे, तिथली मर्यादा हंगामाआधी पाहावी. जर्मनीतील काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांश अंशच स्वीकारतात.
- द्राक्षासाठी राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या ‘ॲनेक्शर ५’ ची ताजी यादी वापरावी, मागील वर्षीची नव्हे. त्यातील काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी पाळावा.
- लेबल क्लेम नसलेली औषधे, तसेच घटक न छापलेली ‘टॉनिक’ वापरू नयेत.
- काढणीआधी नमुने तपासून दोषी बाग वेगळी करावी.
- सर्व अहवाल खरेदीदाराला पाहायला खुले ठेवावेत. आधार नसताना पाकिटावर ‘रेसिड्यू फ्री’ छापू नये. तो दावा एकदा खोटा ठरला तर दुसरी संधी मिळणे कठीण.

नोंदवही खरी राहिली पाहिजे

या सगळ्याचा पाया म्हणजे फवारणीची नोंदवही. ती तपासणीच्या आदल्या रात्री एका बैठकीत, एकाच पेनाने लिहिलेली असेल तर काही उपयोगाची नाही. अशा नोंदी का होतात, हे कृषी सहायक व कंपनीच्या संचालकांनी समजून घ्यावे. चुकीची फवारणी कबूल केली की माल नाकारला जाणार आणि वर दंड होणार, अशी भीती असेल तर शेतकरी ती लिहिणार नाही. मग ती चूक बाजारातच उघडी पडेल.

म्हणून गटाने आधीच ठरवावे : जो सभासद काढणीआधी स्वतःहून चूक सांगेल, त्याचा माल ब्रँडमध्ये येणार नाही, पण त्याचे सभासदत्व जाणार नाही आणि मर्यादा पाळणाऱ्या दुसऱ्या बाजारात तो माल विकायला कंपनी मदत करेल. लपवून माल देणाऱ्यासाठी मात्र नियम कडक असावा. एका बागेचा माल बाजूला ठेवल्याने होणारे नुकसान मोजता येते. तोच माल पाकिटात गेला, तर नुकसान सगळ्या सभासदांचे होते.

येत्या हंगामाच्या पहिल्या बैठकीत एक सराव करून पाहावा. कोणतेही एक पाकीट उचलावे आणि त्यातला माल कोणत्या गटातला, शेवटची फवारणी कोणती व कधीची, हे तासाभरात कागदावर दाखवता येते का ते तपासावे. उत्तर मिळाले नाही, तर त्रुटी दुरुस्त करायला अजून वेळ आहे.