पुरुषांच्या मापाचे औषध

टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषांचे संप्रेरक, असे आपण वर्गात सांगतो. खरे तर स्त्रियांच्या अंडाशयांत आणि अधिवृक्क ग्रंथींतही ते तयार होते. फक्त प्रमाण पुष्कळ कमी असते. वयाबरोबर ते हळूहळू घटते. शस्त्रक्रियेने अंडाशय काढल्यास मात्र एकदम उतरते.

रजोनिवृत्तीनंतर कामेच्छा कमी होऊन स्त्रीला त्याचा त्रास होत असेल, तर हे संप्रेरक उपयोगी पडू शकते. २०१९ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञ संस्थांनी एवढ्या एकाच कारणासाठी त्याची शिफारस केली. थकवा, विसराळूपणा यांसाठी पुरेसा पुरावा नाही.

समजा, जुईनगरमधील एखाद्या बाईंना डॉक्टरांनी ते लिहून दिले. ऑस्ट्रेलियात २०२० मध्ये खास स्त्रियांसाठीच्या क्रीमला मान्यता मिळाली. आपल्याकडे दुकानात मिळते ते पुरुषांसाठीचे जेल. आता हिशेब करू. एक टक्का जेलच्या ५ ग्रॅमच्या पुडीत ५० मिलिग्रॅम औषध असते. स्त्रीला रोज सुमारे ५ मिलिग्रॅम पुरते. म्हणजे एक पुडी दहा दिवस! औषध स्वस्तच पडले.

पण अर्धा ग्रॅम जेल घरी मोजायचे कसे? मात्रा जास्त झाली तर मुरमे येतात, चेहऱ्यावर केस वाढतात, आवाज घोगरा होतो. आवाज पूर्ववत होईलच असे नाही. म्हणून उपचारापूर्वी आणि नंतर तीन ते सहा आठवड्यांनी रक्त तपासावे लागते. तपासणी व डॉक्टरांची फी धरली, की पुडीपेक्षा मोजमापच महाग पडते.

प्रयोगशाळेत ५ ग्रॅम टूथपेस्टचे अंदाजाने दहा समान भाग करा आणि प्रत्येक भाग तोलून पाहा.