टोपी आणि आदर

मुसलमान पुरुष नमाजाच्या वेळी डोके झाकतो, हे आपण नित्य पाहतो. त्यामागील अर्थ मात्र क्वचितच विचारतो. पुरुषाने डोके झाकावे अशी आज्ञा कुराणात नाही. पैगंबरांच्या आचरणाचे अनुकरण म्हणून बहुतेक धर्मशास्त्री ते इष्ट मानतात. टोपीवाचून नमाज रद्द होत नाही. उलट, हजयात्रेत इहराम धारण केलेल्या पुरुषाचे मस्तक उघडेच असावे लागते.

टोपीला इतिहासही आहे. उस्मानी सुलतान दुसरा महमूद याने १८२९ मध्ये अधिकाऱ्यांना पागोट्याऐवजी लाल गोंडेदार टोपी घालावयास लावली. तिला कडा नसल्याने सजद्यात कपाळ भूमीस टेकते. १९२५ मध्ये तुर्की प्रजासत्ताकाने ती कायद्याने बंद केली; हैदराबादेत मात्र ‘रूमी टोपी’ या नावाने ती प्रतिष्ठेची खूण ठरली होती.

पौलाने करिंथ येथील पुरुषांना प्रार्थनेत मस्तक उघडे ठेवावयास सांगितले (१ करिंथ. ११:४). मग एखादा मुसलमान शेजारी अंत्यविधीस मंदिरात टोपी घालून बसला, तर ती काढावयास सांगावी काय? माझ्या मते सांगू नये. पौलाचा तो बोध मंडळीस होता, पाहुण्यास नव्हे. आपण टोपी काढून जो आदर व्यक्त करतो, तोच तो टोपी ठेवून करीत असतो.