बमरोली : शेत, खाडी आणि माग

आपल्या शाळेने दिवंगत मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ चालविलेल्या या व्याख्यानमालेसाठी मी बमरोली हा विषय निवडला, तेव्हा काही मित्रांनी भुवया उंचावल्या. सुरतेवर बोलावयाचे म्हणजे १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या, किल्ला, वखारी. मराठीचा अध्यापक असेल तर त्याने दादोबा पांडुरंगांची आठवण काढावी. हे मराठीचे व्याकरणकार सुरतेस शिक्षक होते व १८४४ साली दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्म सभेच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. हे सारे खरेच. परंतु या कथेत बमरोली येत नाही, आणि आपल्या विद्यार्थ्यांची घरे तर तेथे आहेत.

नावापासून आरंभ करू. बमरोली, दिंडोली, अमरोली, बारडोली ही या परिसरातील नावे. दापोली, हिंगोली, गडचिरोली ही आपल्याकडची. यांतील ‘ओली’ संस्कृत ‘पल्ली’पासून, म्हणजे लहान वस्ती या अर्थाच्या शब्दापासून आली, असे भाषाभ्यासक मानतात. गाव शेतकऱ्यांचे होते. तापीच्या मुखाजवळील सपाट, काळी, चिकण जमीन. पाणी धरून ठेवणारी, उतार जेमतेम. मूळ वस्तीला गुजरातीत ‘गामतळ’ म्हणतात. नव्या सोसायट्यांच्या गर्दीत ते आज शोधावे लागते.

येथे ‘खाडी’ या शब्दाशी थोडे थांबले पाहिजे. कोकणातला माणूस खाडी म्हटली की भरती-ओहोटीचे रुंद पाणी, होड्या, मासळी आठवतो. खानदेशातून आलेल्याला ती फारशी ठाऊकच नसते. त्याच्याकडे नाला असतो. सुरतेची मीठी खाडी किंवा कांकरा खाडी या दोहोंच्या मधली गोष्ट आहे. पूर्वेकडील शेतांचे पावसाळी पाणी गोळा करीत ती शहराच्या दक्षिण अंगाने मिंढोळा नदीकडे जाते. समुद्राला भरती असली की पुढचे पाणी लवकर सरकत नाही आणि मागचे पसरू लागते. म्हणूनच तापीचा पूर आणि खाडीचा पूर हे दोन वेगळे पूर आहेत. ऑगस्ट २००६ चा महापूर उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने आला. २०२४ आणि २०२५ च्या पावसाळ्यात शहराच्या सखल भागांत पाणी शिरले, ते खाड्यांचे. पहिल्यासाठी नदीकाठी भिंती बांधता येतात. दुसऱ्यासाठी खाडीची रुंदी मोकळी ठेवावी लागते. आणि नेमकी तीच जागा स्वस्त म्हणून गरीब माणूस तेथे घर घेतो.

ही माणसे आली कोठून? बमरोलीच्या शेजारी पांडेसरा येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली. तेथे कापड रंगविण्याच्या व छपाईच्या गिरण्या आल्या, तर भोवती यंत्रमागांची ‘खाती’. सुरतेत मागांच्या कारखान्याला खाते म्हणतात. मागावर ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले कामगार मोठ्या संख्येने आहेत; उत्तर प्रदेश, बिहारचेही आहेत. आपली माणसे धुळे, जळगाव, नंदुरबारकडची. उधन्याहून जळगावकडे जाणारा ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांना येथे आणीत आहे. हा मार्ग तापीच्या खोऱ्यातून जातो, म्हणजे आपण नदीच्या वरच्या अंगाहून खालच्या अंगाला आलो. म्हणून घरात अहिराणी, वर्गात मराठी, बाजारात गुजराती आणि खात्यात हिंदी.

शेताचा प्लॉट होताना काय घडते, हेही समजून घ्यावे. गुजरातेत १९७६ च्या नगररचना कायद्यानुसार ‘टी. पी. स्कीम’ आखतात. वेड्यावाकड्या शेतांची जमीन एकत्र मोजून रस्ते, उद्याने, शाळा यांसाठी काही भाग वगळतात आणि उरलेली जमीन चौकोनी तुकड्यांत मूळ मालकांना परत देतात. पद्धत उत्तम आहे. मात्र घरे आधी आणि आखणी मागाहून झाली, तर शाळेचा तुकडा शोधावा लागतो. २००६ साली सुरत महानगरपालिकेची हद्द सुमारे ११२ चौरस किलोमीटरवरून ३२६ पर्यंत वाढली. या विस्तारात बमरोलीही शहरात आली.

महापालिकेने बमरोलीला दिलेली एक गोष्ट मला विशेष वाटते. येथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात २०१४ पासून शहराचे मैलापाणी अधिक शुद्ध करून, सूक्ष्म गाळण्यांतून दाबाने नेऊन, पांडेसऱ्याच्या गिरण्यांना पुरविले जाते. आरंभी त्याची क्षमता दररोज सुमारे चार कोटी लिटर होती. आपल्या मोरीतून गेलेले पाणी साडीच्या रंगात परतते! तेवढे गोडे पाणी पिण्यासाठी वाचते.

शाळेत ‘माझे गाव’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितले, तर आपली मुले आजोबांच्या गावाचे, म्हणजे अमळनेर किंवा शिरपूरकडच्या पारा-विहिरींचे वर्णन करतात. भाषा सुंदर असते. पण सुटीत चार दिवस पाहिलेली विहीर त्यांना ठाऊक असते आणि घरामागची खाडी कोठून येते, कोठे जाते, हे ठाऊक नसते. उद्या हीच मुले येथे घर विकत घेतील. जागा पाहताना त्यांनी विक्रेत्याला विचारावयाचे पहिले दोन प्रश्न असे : टी. पी. नकाशात हा तुकडा कोणत्या क्रमांकाचा आहे, आणि खाडीची हद्द येथून किती अंतरावर आहे? आठवीच्या भूगोलाच्या तासाला तो नकाशा फळ्यावर लावावा, अशी माझी शाळेच्या चालकांना विनंती आहे.