मंद आचेचे रसायन

अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात डुकराचे मांस लाकडाच्या निखाऱ्यांवर अनेक प्रहर भाजून, ते कापसासारखे पिंजून, व्हिनेगर आणि तांबड्या मिरचीचे पाणी त्यावर शिंपडून खाण्याचा शिरस्ता पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. आणि ज्या घराला अंगण नाही, निखाऱ्यांवर रात्रभर पहारा ठेवण्यास माणूस नाही, अशा घरात आज तेच काम विजेवर चालणारे, जाड चिनी मातीचे, झाकणबंद असे एक भांडे करते. भांड्याला स्लो कुकर म्हणतात, पदार्थाला ‘पुल्ड पोर्क’. धुराचा सुगंध या भांड्यातून लाभत नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे. परंतु मांस मऊ होण्याचे रसायन दोन्हीकडे एकच आहे.

या यंत्राची मूळ कल्पना अर्व्हिंग नॅक्सन या अमेरिकन संशोधकाची. त्याचे पेटंट त्यास १९४० साली मिळाले. शब्बाथच्या दिवशी चूल पेटवणे निषिद्ध, म्हणून लिथुएनियातील ज्यू कुटुंबे आदल्या संध्याकाळी कडधान्य व मांसाचे भांडे बेकरीच्या विझत्या भट्टीत ठेवीत, ही हकीकत त्याने आपल्या आईच्या तोंडून ऐकली होती. पुढे १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि पुढल्याच वर्षी ‘क्रॉक-पॉट’ या नावाने हे भांडे बाजारात आणले.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. पाठीच्या कण्यालगतचे मांस कोवळे असते, कारण त्या स्नायूंना श्रम थोडे. उलट खांदा जनावराचा भार आयुष्यभर वाहतो, आणि म्हणून त्याच्या स्नायूतंतूंना बांधून ठेवणाऱ्या ऊतींत कोलॅजेन नामक प्रथिन विपुल असते. या कोलॅजेनचा रेणू तीन पदरी दोरासारखा पिळलेला असतो. मांस ६० ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापले की हा दोर आखडतो, तंतूंना आवळतो आणि त्यांतील पाणी पिळून बाहेर काढतो; अशा वेळी खांद्याचा तुकडा चाखून पाहणाऱ्यास तो चामड्यासारखा चिवट लागतो, आणि आपले काही चुकले, अशी त्याची समजूत होते. वस्तुतः चुकलेले काहीच नसते. कमी पडलेली असते ती मुदत. सत्तर अंशांच्या पुढे, ओलाव्याच्या सान्निध्यात, त्या दोराचे पदर हळूहळू उलगडू लागतात आणि कोलॅजेनचे जिलेटिन होते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण म्हणतो. येथे सुंभ न जळताच पीळ सुटतो. मात्र या क्रियेला तासांचे तास लागतात, आणि आच भडकवून ती उरकू पाहिल्यास मांस बाहेरून वाळते व आत चिवटच राहते. आपल्याकडे पाया रात्रभर शिजत ठेवतात, त्यामागील कारणही हेच.

या पदार्थासंबंधीचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की तो रसाळ लागतो तो त्यात पाणी राहिल्यामुळे. मांसाच्या गाभ्याचे तापमान ९० ते ९५ अंशांवर पोचेतो स्नायूतंतूंतील पुष्कळसे पाणी निघून गेलेले असते. जिभेला जो ओलावा जाणवतो तो तंतूंवर चढलेल्या जिलेटिनचा आणि वितळलेल्या चरबीचा. म्हणूनच हाच उपचार कण्यालगतच्या मांसावर केला तर हाती कोरडा भुसा येतो.

दोन किलोंच्या खांद्यास मंद आचेवर साधारणतः आठ ते दहा तास लागतात. मांस स्वतःच पुष्कळ पाणी सोडते, सबब वरून ते फारसे घालण्याचे प्रयोजन नाही. अर्धी वाटी व्हिनेगर पुरे. खरपूस तपकिरी रंग आणि त्याबरोबर येणारा सुवास ही मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णिलेल्या क्रियेची देणगी होय. तिला कोरडा पृष्ठभाग व १४० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. या भांड्यात दोन्ही नाहीत, म्हणून मांस आधी जाड तव्यावर सर्व बाजूंनी परतून घ्यावे. गोठलेले मांस मात्र थेट भांड्यात कदापि घालू नये: ५ ते ६० अंशांच्या टापूत जंतू झपाट्याने वाढतात, आणि गोठलेला तुकडा त्या टापूत फार वेळ रेंगाळतो. झाकणही वारंवार उघडू नये. कोंडलेली वाफ गेली की ती उष्णता भरून काढण्यास या संथ यंत्राला बराच अवधी लागतो.

दोन काटे रोवून विरुद्ध दिशांना ओढले की शिजलेला खांदा विनासायास उकलतो, हाडही हलकेच सुटून हाती येते. भांड्याच्या तळाशी उरलेला रस गार करून पाहावा. वर चरबीचा पांढरा थर आणि खाली थरथरणारी पिंगट खळ दिसेल; तेच ते जिलेटिन. तोंडातील उष्णतेने ते वितळते. चरबी काढून टाकून तो रस ऊन करावा आणि पिंजलेल्या मांसात परत कालवावा. तो मोरीत ओतू नये, एवढीच वाचकांना विनंती.