पायजम्याचे गुडघे

पायजम्याचे गुडघे हा काय दिवाळी अंकाचा विषय झाला, असे वाचक म्हणतील. पण आम्हां खानदेशी माणसांची कोणतीही गोष्ट शेवटी कापसाशीच येऊन थांबते! जळगावात १८७० च्या दशकात कापडगिरणी निघाली. पुढे अमळनेर व धुळे येथे प्रताप मिलचे भोंगे वाजू लागले. ते भोंगे आज थांबले आहेत. कापडाविषयीचे घरगुती शहाणपण मात्र थांबू नये.

कोरे कापड शिंप्याकडे देण्यापूर्वी रात्रभर भिजवावे, असे घरातली वडील मंडळी सांगत. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात. पाण्यात ते सैल होतात आणि कापड आटते. सदरा शिवल्यावर आटण्यापेक्षा आधीच आटलेला बरा!

मग हेच कापड वापरात ढिले का पडते? एक हातरुमाल घ्या. काठाच्या दिशेने ओढा. तो फारसा ताणत नाही. आता समोरासमोरची दोन टोके ओढा. तो चटकन लांबतो. उभ्या-आडव्या धाग्यांचे चौकोन तिरपे होऊन शंकरपाळ्याच्या आकाराचे होतात. शिंपी याच तिरप्या दिशेला ‘उरेब’ म्हणतो. उरेब कापलेला घागरा म्हणूनच दोन दिवस टांगून, लोंबू देऊन, मग त्याची खालची कड दुमडतात.

मांडी घालून बसलो की गुडघा कापडाला चहूकडून ताणतो. घामाच्या ओलाव्याने धागे सहज सरकतात, आणि कापड वाळताना तोच फुगा कायम होतो. विणीत सैल असलेल्या खादीत हे अधिक. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा तिथे जमलेल्या खादीधारी मंडळींचे गुडघेही याला अपवाद नसणार!

उपाय सोपा आहे. कापड पाण्यात बुडवले की सुताचे तंतू फुगतात आणि सरकलेले धागे बरेचसे जागेवर येतात. मग हाताने सारखे करून वाळवावे व किंचित दमट असतानाच इस्त्री फिरवावी. मात्र तंतूच झिजले असतील, तर पाणी काय करणार? तिथे ठिगळच हवे.

तेव्हा सणाच्या खरेदीला निघण्यापूर्वी जुना पायजमा एकदा उजेडात धरून पाहा. गुडघ्याशी कापड विरळ दिसले, तर नवे घ्या. नुसताच फुगा असेल, तर एक बादली पाणी पुरे. वाचलेल्या पैशांत मुलांचे फटाके येतील.