राजाचा शब्द तांब्यावर : वाशीमचा ताम्रपट

लेखनाचा शोध कशासाठी लागला, असे वर्गात विचारले तर बहुतेक मुले 'ज्ञान जपून ठेवण्यासाठी' असे सांगतात. पुरावा थोडा वेगळा आहे. इराकमधील उरुक येथे इ. स. पू. ३३०० च्या सुमाराच्या मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांतल्या बहुतेकांवर सातू किती, मेंढ्या किती, कोणाला किती शिधा दिला, अशा नोंदी आहेत. कथा-काव्ये लिहिली गेली ती कित्येक शतकांनंतर. लेखन जन्मले ते कोठारात, असे म्हटले तरी चालेल.

हिशेब आणि हुकूम यांसाठी लेखन कसे वापरले जाई, हे पाहायला रिसोडच्या शिक्षकांना इराकपर्यंत जायला नको. आपले जिल्ह्याचे ठिकाण वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथे १९३९ मध्ये एक ताम्रपट मिळाला. इसवी सनाच्या चौथ्या शतकातील राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी नांदीकट, म्हणजे आजच्या नांदेडकडील एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले, त्याची ही सनद. वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासामुळे तिचे महत्त्व इतिहासकारांना कळले.

या ताम्रपटाची गंमत अशी की, लिपी एक पण भाषा दोन. राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष मजकूर प्राकृतात. असे का? सम्राट अशोकापासून सातवाहनांपर्यंत दख्खनमध्ये राज्यकारभाराचे लेख मुख्यतः प्राकृतातच कोरले जात. संस्कृत दरबारी प्रतिष्ठेची भाषा म्हणून नुकतीच पुढे येत होती. आमच्या मते थोरवी नव्या भाषेत आणि काम जुन्या भाषेत, अशी ही वाटणी आहे. कचेरीची भाषा सर्वांत शेवटी बदलते. निजामशाही-आदिलशाही जाऊन किती काळ लोटला, पण तहसील, जमाबंदी हे शब्द आपण आजही वापरतोच ना? वर्गात एक शब्द फळ्यावर लिहून पाहावा : संस्कृत क्षीर, प्राकृत खीर. दोन्हींचा अर्थ दूध. आपल्या वाटीतल्या खिरीचे मूळ मुले लगेच ओळखतात.

हे दूधही या विषयाला सोडून नाही. दान दिलेल्या गावाला मिळालेल्या सवलतींची लांबलचक यादी प्राकृत भागात आहे. गावात सैनिकांनी शिरू नये, फुले व दूध घेऊ नये, पाळीपाळीने बैल मागू नयेत, मिठासाठी खोदू नये, वगैरे. आता ही यादी उलटी वाचा. ज्या गावांना अशी सनद नव्हती, तिथे राजाची माणसे आली की दूध, फुले, बैल सगळे द्यावे लागत असणार! राजाने सोडले काय ते लिहिले, पण त्यामुळे इतरत्र तो घेत काय होता, हे आपल्याला सोळाशे वर्षांनी कळते. दान घेणाऱ्यांची नावे पटावर आहेत. ती जमीन कसणाऱ्यांची नाहीत. लेखनाने कोणाचा हक्क पक्का झाला, हेही मुलांशी बोलावे.

याच ताम्रपटाने आणखी एक काम केले. अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात वराहदेव या मंत्र्याचा, वाकाटकांची वंशावळ देणारा लेख आहे. तो बराच झिजलेला असल्याने सर्वसेन आणि विंध्यसेन ही नावे आधीच्या अभ्यासकांनी निराळी वाचली होती. वाशीमच्या पटावर वंशावळ स्वच्छ मिळाली, तेव्हा भिंतीवरची अक्षरे पुन्हा तपासली गेली आणि वत्सगुल्मची शाखा वेगळी होती हे स्पष्ट झाले. विज्ञानात एका प्रयोगाचा निष्कर्ष दुसऱ्या स्वतंत्र प्रयोगाने पडताळतात, तसेच हे.

असे पट नांगरताना, पाया खणताना अजूनही हाती येऊ शकतात, आणि तांबे म्हटले की मोडीचा भाव आठवतो. विद्यार्थ्याने असे काही आणले तर ते चिंचेने किंवा आम्लाने घासू नये. अक्षरांच्या कडा जातात. पत्रे ओवलेली कडी कापू नये, कारण तिच्यावर बहुधा राजमुद्रा असते. नेमके कोठे व किती खोलीवर सापडले ते लिहून घ्यावे आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला ठेवा कळवणे बंधनकारक आहे.