‘गॉड’ या शब्दाची कुळकथा

इंग्रजी ‘गॉड’ हा शब्द ‘गुड’, म्हणजे ‘चांगला’, या शब्दापासून निघाला असे विधान उपदेशांतून पुष्कळदा कानी पडते, आणि मार्क १०:१८ या वचनाचा त्यास आधार जोडला जातो. विचार सुंदर आहे. व्युत्पत्ती मात्र खरी नाही. प्राचीन इंग्रजीत ‘चांगला’ या अर्थाच्या शब्दातील स्वर दीर्घ होता, देववाचक शब्दातील ऱ्हस्व. जर्मन भाषेत ‘गूट’ व ‘गॉट’ हे शब्द आजही निराळे आहेत. फारसी ‘खुदा’शीही ‘गॉड’चे नाते नाही, तो ‘धनी, स्वामी’ या अर्थाच्या जुन्या इराणी शब्दापासून आला. मग ‘गॉड’ शब्दाचे मूळ कोणते, आणि त्या मुळाला आपण किती महत्त्व द्यावे?

इंग्रजी ‘गॉड’, जर्मन ‘गॉट’, स्वीडिश ‘गूड’ व गॉथिक ‘गुथ’ ही एकाच प्राचीन जर्मानिक शब्दाची रूपे होत. त्याच्या मुळाविषयी विद्वानांची दोन मते आहेत. एका मताने तो ‘हाक मारणे’ या अर्थाच्या धातूपासून झाला. संस्कृत ‘ह्वे’ हा त्याचा भाऊबंद. ‘आह्वान’ हा शब्द व वेदातील इंद्राचे ‘पुरुहूत’ हे विशेषण त्यावरूनच झाले. या मताने ‘गॉड’ म्हणजे ‘ज्याचा धावा केला जातो ते’. दुसऱ्या मताने मूळ धातू ‘ओतणे’ या अर्थाचा, म्हणजे संस्कृत ‘हु’ याच्या कुळातला. ‘हुत’, ‘होम’, ‘आहुती’ हे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. तेव्हा अर्थ होतो, ‘ज्याला अर्पण ओतले जाते ते’. जर्मानिक शब्दातील ऱ्हस्व उकार ‘हुत’शी अधिक जुळतो, परंतु वाद मिटलेला नाही.

मूळ अर्थापेक्षा व्याकरणातील एक गोष्ट अधिक बोधप्रद आहे. हा शब्द मुळात नपुंसकलिंगी होता आणि अनेक देवतांना उद्देशून वापरला जाई. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने गॉथिक भाषेत पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. ग्रीक ‘थेऑस’साठी त्याने हाच शब्द घेतला, पण एका खऱ्या देवाविषयी लिहिताना त्याला पुल्लिंगी मानून चालवला, शब्दाचे रूप जुनेच राहिले. विदेशी दैवतांसाठी नपुंसकलिंगी अनेकवचन तसेच ठेवले. पुढे नॉर्स भाषेत हा भेद स्पष्टच झाला: ‘गुद्’ हा पुल्लिंगी शब्द ख्रिस्ती लोकांच्या देवासाठी, ‘गोद्’ हा नपुंसकलिंगी शब्द जुन्या दैवतांसाठी.

‘देव’ शब्दाच्या कुळातील शब्दही जर्मानिक भाषांत होता. इंग्रजी ‘ट्यूजडे’ या वाराच्या नावात तो अजून दडलेला आहे. परंतु तो एका विशिष्ट देवतेचे नाव होऊन बसला होता. भाषांतरकारांनी सामान्यनामच पत्करले.

केवळ शब्द निवडल्याने काम संपले नाही. आठव्या शतकातील सॅक्सन बाप्तिस्मा-प्रतिज्ञा उपलब्ध आहे. तीत उमेदवार प्रथम सैतानाचा व त्याच्या कृत्यांचा, आणि त्याबरोबर थुनेर, वोडेन व सॅक्सनोट या दैवतांचा, नावे घेऊन त्याग करतो. मग सर्वसमर्थ पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांवर विश्वास प्रगट करतो. पित्याविषयीच्या कलमात शब्द तोच जुना ‘गॉट’. पण त्यागानंतर व त्रैक्याच्या अंगीकारात उच्चारल्यामुळे त्याला नवा अर्थ आला.

याची दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. वुल्फिला स्वतः पुत्राला पित्याहून कमी मानणाऱ्या पक्षाचा होता. फिलिप्पै २:६ येथे ‘समान’ या अर्थाच्या ग्रीक शब्दासाठी त्याने ‘सदृश’ अशा अर्थाचा शब्द योजला. त्यात त्याचे मत उतरले असे काही अभ्यासक म्हणतात. इतरांना ते मान्य नाही. एवढे मात्र निश्चित की देववाचक शब्द उत्तम निवडला म्हणून सिद्धांत आपोआप शुद्ध राहत नाही.

आपल्या भाषेशी याचा संबंध उघड आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ‘गॉड’ हा त्यांच्या मातृभाषेतील शब्द. तरी १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त त्यांनी तो आणला नाही, ‘देव’ व ‘परमेश्वर’ हे येथलेच शब्द घेतले. मराठी पवित्र शास्त्रातही तेच शब्द रूढ झाले. दीक्षार्थी कधी विचारतो, “पूर्वी ज्यांना देव म्हणत होतो, त्याच शब्दाने आता हाक मारायची का?” त्याला संकोच वाटणे स्वाभाविक आहे. त्याला सांगावे की इब्री ‘एलोहीम’ राष्ट्रांच्या दैवतांनाही लावला जाई, ग्रीक ‘थेऑस’ झ्यूसलाही लावला जाई आणि ‘गॉड’ वोडेनलाही. मंडळीने कोठेही कोरा शब्द शोधला नाही. लोकांच्या ओठी असलेला शब्द घेऊन तिने प्रभू येशूच्या पित्याचे नाव त्याला जोडले.

म्हणून व्युत्पत्ती ही उपदेशात दृष्टांतापुरती वापरावी, प्रमाण म्हणून नव्हे. शब्द कोठून आला हे कोश सांगेल. तो कोणाविषयी बोलतो हे आपल्या शिक्षणातून, उपासनेतून व बाप्तिस्म्याच्या अंगीकारातून लोकांना कळले पाहिजे. ते काम कोश करणार नाही. ते आपल्यावर सोपवलेले आहे.